दोन जावई, तीन घड्याळं

मनगटी घड्याळाचा वेळेशी फारसा संबंध उरलेला नाही, हे एकदा मान्य केलं की पुढची बोलणी सोपी होतात. वेळ मोबाइलवर कळते, टीव्हीच्या कोपऱ्यात कळते, फलाटावरच्या इंडिकेटरवर कळते आणि शेजारच्यांच्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं की भिंतीपलीकडूनही कळते. तरी माणसं घड्याळ घालतात. कुणी हजार-दीड हजाराचं घालतो, कुणी नऊ-दहा लाखांचं. आणि हे दोघं एकाच सासऱ्याचे जावई निघाले, तर त्यातल्या एकाला कधीतरी असा लेख लिहावा लागतो.

माझं घड्याळ कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. साडूभाऊंचं रोलेक्स सबमरीनर. साडू म्हणजे ज्याच्याशी आपलं भांडण होऊ शकत नाही आणि ज्याच्याशी आपली तुलना थांबू शकत नाही, असा माणूस. आमची तुलना फ्लॅटच्या चौरस फुटांवरून सुरू झाली, मुलांच्या टक्क्यांवरून गाडीच्या एअरबॅगांवर आली आणि गेल्या गणपतीत मनगटावर येऊन स्थिरावली. आरतीच्या वेळी टाळ मी वाजवतो. तेव्हा साडूभाऊंनी टाळ मागून घेतले. दोन्ही हात वर राहतात, शर्टाच्या बाह्या खाली घसरतात आणि ‘सुखकर्ता’ संपेपर्यंत सगळ्या आळीला डायल दिसते.

आता हिशेब करू, कारण मध्यमवर्गीय माणसाला दुसऱ्याच्या वस्तूचा हिशेब केल्याशिवाय झोप लागत नाही. एका सबमरीनरच्या पैशात माझ्या जातीची साधारण साडेसहाशे घड्याळं येतात. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे यातला सेल सात वर्षं चालतो. एक सेल संपला की तो बदलण्याचे कष्टही न घेता घड्याळ फेकून नवं घालायचं म्हटलं, तरी साडेचार हजार वर्षांची बेगमी झाली. मोहेंजोदडोच्या एखाद्या सुखवस्तू गृहस्थानं हा साठा घेऊन ठेवला असता, तर त्याच्या वंशजांकडचं शेवटचं घड्याळ आत्ता कुठे बंद पडायला आलं असतं. हा हिशेब मी साडूभाऊंना कागदावर मांडून दाखवला. ते म्हणाले, “पण त्यातलं एक तरी कुणी बघितलं असतं का?” याला उत्तर नाही.

दोन्ही घड्याळं जवळून पाहण्यासारखी आहेत. कॅसिओचं वजन २१ ग्रॅम. राळेचा काळा पट्टा, काचेभोवती एक निळी रेघ, आणि दिव्याचं बटण दाबलं की डाव्या कोपऱ्यातून आजारी काजव्याइतका हिरवा उजेड पडतो. त्यात तास दिसतो, मिनिटांचा अंदाज बांधायचा, सेकंद अंधारात सोडून द्यायचे. १९८९ पासून हे असंच आहे. जगात इतक्या गोष्टी सुधारल्या, पण हा दिवा सुधारावा असं त्या कंपनीत कुणाला वाटलं नाही, आणि मला त्याबद्दल आदरच वाटतो.

सबमरीनर हातात घेतलं की आधी हात खाली जातो. दीडशे ग्रॅमच्या आसपास पोलाद आहे. चेनची कडी कडीवर पडते तो आवाजसुद्धा महाग आहे. भोवतीची काळी कड फिरवली की एका फेऱ्यात १२० वेळा टकटक होते, आणि ती फक्त एकाच बाजूला फिरते. हे मात्र खरोखर शहाणपणाचं आहे. पाणबुड्या खाली जाताना त्या कडेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो, म्हणजे पाण्यात किती वेळ गेला ते कळतं. धक्का लागून कड सरकलीच, तर ती अशाच बाजूला सरकेल की गेलेला वेळ आहे त्याहून जास्त दिसावा. माणूस हवा संपण्याआधी लवकर वर येईल, उशिरा नाही. ३०० मीटर खोल समुद्रात टिकणारं हे यंत्र आमच्या साडूभाऊंकडे आहे. ते या कडेवर चहा मुरायचा वेळ लावतात.

कारण साडूभाऊंना पोहता येत नाही. गोव्याला ते गुडघ्यापर्यंत समुद्रात उतरतात, तेही घड्याळ बायकोच्या पर्समध्ये ठेवून. हात धुताना काढतात, अंघोळीला काढतात, पंक्तीत ताक वाढताना काढतात. आणि माझं कॅसिओ, ज्याला कंपनीनं पाण्याचे शिंतोडे सोसण्यापलीकडे कसलंही वचन दिलेलं नाही, ते मुंबईचे पावसाळे, रंगपंचमी आणि नळ दुरुस्त करण्याचे माझे प्रयोग यांतून जिवंत बाहेर आलं आहे.

रोलेक्सच्या पाण्याशी असलेल्या नात्याची मूळ कथाही जरा अशीच आहे. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाच्या तरुणीनं ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. तेवढ्यात दुसऱ्या एका बाईनं तसाच खोटा दावा केला, तो उघडा पडला, आणि संशयाचे शिंतोडे ग्लाइट्झवरही उडाले. तेव्हा तिनं पुन्हा पोहून दाखवायचं ठरवलं. रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी संधी साधून आपलं नवं ‘ऑयस्टर’ घड्याळ तिच्याकडे दिलं. ते गळ्यात अडकवून ती २१ ऑक्टोबरला पाण्यात उतरली. पाणी इतकं गार होतं की दहा तासांहून अधिक झुंजून अखेर तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र ठणठणीत चालू होतं. महिन्याभरानं ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात आली. म्हणजे बाईंनी खाडी पार केली तेव्हा गळ्यात घड्याळ नव्हतं, आणि घड्याळ होतं तेव्हा खाडी पार झाली नाही. पण जाहिरात काय असते हे ज्याला कळलं, त्याला असल्या क्रमानं काही फरक पडत नाही.

अचूकतेच्या मुद्द्यावर मी साडूभाऊंना घेरायचा प्रयत्न केला. रोलेक्स सांगते की त्यांचं घड्याळ दिवसाला फार तर दोन सेकंद मागेपुढे होईल. चाकं, स्प्रिंग आणि तासाला २८,८०० ठोके टाकणारं एक इवलंसं तोल-चक्र, एवढ्यावर हे साधायचं म्हणजे थट्टा नाही. पण कॅसिओची हमी काय? महिन्याला तीस सेकंद. दोनाला तीसनं गुणा. चौथीतल्या मुलालाही कळेल की कागदोपत्री माझं घड्याळ दुप्पट खरं बोलतं. आत एक स्फटिक आहे, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा वेडगळ वाटतो, पण तो निम्मा करत गेलात की पंधराव्या खेपेला बरोबर एक उरतो. तोच एक सेकंद. एवढं सगळं हजार-दीड हजारात.

गंमत अशी की हे स्फटिकाचं घड्याळ जन्मलं तेव्हा स्वस्त नव्हतं. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोनं टोकियोत ‘अॅस्ट्रॉन’ विक्रीला ठेवलं, त्याची किंमत होती ४,५०,००० येन. तेवढ्यात तेव्हा जपानात छोटी मोटार येत होती. मग पुढच्या काही वर्षांत भाव असे कोसळले की घड्याळ पेट्रोल पंपावर भेट मिळू लागलं. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमाराला घड्याळधंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तीस हजारांवर आली. गावंच्या गावं बसली. अशा वेळी दुसरा कुणी असता तर त्यानं दुकान बंद करून काजूची बाग केली असती. स्विसांनी वेगळं केलं. वेळ अचूक दाखवण्याच्या शर्यतीत आपण हरलो आहोत हे लक्षात येताच त्यांनी जाहीर करून टाकलं की वेळ दाखवणं हा घड्याळाचा मुद्दाच कधी नव्हता. मुद्दा कारागिरीचा, वारशाचा, आत्म्याचा. परीक्षेत नापास झालेल्या मुलानं परीक्षापद्धतीवर व्याख्यान द्यावं आणि त्या व्याख्यानाला नऊ लाखांचं तिकीट लावावं, आणि सभागृह भरावं! मला हे लोक फार आवडतात.

म्हणून साडूभाऊंना जेव्हा मी तीस सेकंद आणि साठ सेकंदांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “तुमच्या घड्याळाला आत्मा आहे का?” मी म्हटलं, “सेल आहे.”

महाग घड्याळ खरं तर जुन्या काळच्या जावयासारखं असतं. काम काहीच करत नाही, पण त्याची सरबराई झाली पाहिजे. सबमरीनर काढून ठेवलं तर सत्तरएक तासांनी थांबतं. शुक्रवारी संध्याकाळी कपाटात ठेवलं की सोमवारी रात्री रुसलेलं सापडतं. ते रुसू नये म्हणून लोक एक पेटी विकत घेतात. ती विजेवर चालते आणि तिच्यात घड्याळ ठेवलं की ती त्याला गोल गोल फिरवत बसते. ज्या घड्याळाचा मोठेपणा हा की त्याला सेल लागत नाही, त्याच्यासाठी भिंतीतला प्लग अडवायचा. तारखेचं मॉडेल असेल तर महिना एकतीसचा नसला की तारीख हातानं पुढे न्यायची, वर्षातून पाच वेळा. (माझं कॅसिओ फक्त लीप वर्षी फसतं. २९ फेब्रुवारी त्याच्या गावीच नाही.) दहाएक वर्षांनी सर्व्हिसिंग, त्याचं बिल येईल तेव्हा कॅसिओत नव्हे, फ्रिज-टीव्हीत मोजायचं.

पण सरबराईच्याही आधी येते ती आराधना. हे घड्याळ पैसे असून मिळत नाही. शोरूममध्ये काचेआड ठेवलेलं असतं, पण ते फक्त बघण्यासाठी. नाव नोंदवायचं, आपण काय करतो हे सांगायचं, अधूनमधून जाऊन सेल्समनच्या मुलांची चौकशी करायची आणि फोनची वाट बघायची. लोकप्रिय मॉडेलं वापरलेल्या मालाच्या बाजारात नव्यापेक्षा महाग मिळतात. साडूभाऊ हे सगळं भक्तिभावानं सांगत होते आणि कोपऱ्यात बसलेले आमचे सासरे, अप्पा, ऐकता ऐकता खुदकन हसले. “म्हणजे चेतकसारखं,” ते म्हणाले.

अगदी बरोबर. बजाजच्या स्कूटरसाठी याच महाराष्ट्रात माणसांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, मुलगी पाळण्यात असताना नोंदवलेली स्कूटर तिच्या शाळेच्या दिवसांत आली, आणि नंबर लागलेल्यानं ती वर ‘ऑन’ घेऊन दुसऱ्याला विकली. त्या टंचाईला आपण लायसन्स-राजचं पाप म्हणून शिव्या घातल्या. स्वित्झर्लंडमध्ये तीच टंचाई संगमरवरी फरशी टाकून, एसी लावून आणि कॉफी पाजून विकतात. आपलं चुकलं ते एवढंच, की रांगेतल्या माणसाला आपण कॉफी दिली नाही.

अप्पांच्या हातात एचएमटी ‘जनता’ असतं. चावीचं. पांढरी तबकडी, देवनागरी आकडे. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळूरच्या कारखान्यात १९६१ साली एचएमटीची घड्याळं निघायला लागली आणि पहिली खेप पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्यानंतर दोन-अडीच पिढ्या देशाला हेच घड्याळ माहीत. मॅट्रिक झाला, एचएमटी. नोकरी लागली, एचएमटी. निवृत्त झाला तेव्हाही एचएमटी, म्हणजे जेव्हा वेळ बघायची गरज संपली नेमकं तेव्हा. लग्नाच्या याद्यांत सायकल, ट्रान्झिस्टर आणि घड्याळ हे त्रिकूट असे, आणि घड्याळ सोनेरी ‘कांचन’ हवं की साधं चालेल यावर बैठका अडत. पुढे टाटांचं टायटन आलं, लोकांना पातळ आणि देखणं घड्याळ म्हणजे काय ते कळलं आणि २०१६ साली सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा कारभार गुंडाळायचं ठरवलं.

अप्पा सकाळी देवपूजेनंतर खिडकीपाशी उभे राहून चावी देतात. अंगठा आणि तर्जनीत चावी धरून पुढे-मागे, पुढे-मागे, नजर बाहेर नारळावर. शेवटी ती घट्ट लागते तिथे बरोबर थांबतात, एक केसभरही पुढे नाही. मग घड्याळ कानाला लावतात. ते दिवसाला मिनिटभर पुढे जातं. त्यांना ते ठाऊक आहे आणि ते मनातल्या मनात तेवढं वजा करतात. आमच्या तिघांत वेळेचा खरा माग फक्त त्यांनाच असतो, कारण घड्याळ किती खोटं बोलतं हे त्यांना पक्कं माहीत आहे.

जावयाला घड्याळ देण्याची रीत फक्त आपल्याकडेच होती असं मात्र समजू नका. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन यानं १९८४ साली आपल्या मुलीच्या मित्राला, जेम्स कॉक्सला, वेळ विचारली. त्याच्याकडे धड घड्याळच नव्हतं. न्यूमननं मनगटावरचं रोलेक्स डेटोना काढून त्याला देऊन टाकलं. घड्याळाच्या पाठीवर न्यूमनच्या बायकोनं कोरून घेतलेली ताकीद होती: गाडी जपून चालव. हा मित्र पुढे काही जावई झाला नाही, पण घड्याळ त्याच्याकडेच राहिलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते पावणेदोन कोटी डॉलरांच्या वर गेलं. त्यावेळच्या रुपयांत ११५ कोटी. त्यातला काही भाग त्यानं मैत्रिणीच्या संस्थेला दिला हे त्याचं सौजन्य. ही गोष्ट मी अप्पांना सांगितली. त्यांनी आम्हा दोघा जावयांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बाही खाली ओढून घेतली.

पाटेक फिलिपची एक जाहिरात आहे. तिचा मथितार्थ असा, की हे घड्याळ तुमचं कधीच नसतं, तुम्ही ते फक्त पुढच्या पिढीसाठी सांभाळत असता. परदेशात हे वाचून लोक भारावतात. मराठी घरात यात नवीन काय? आमच्याकडे पितळी पातेली पुढच्या पिढीसाठी, आजोबांचा लोकरी कोट पुढच्या पिढीसाठी, बिस्किटांचे रिकामे डबे पुढच्या पिढीसाठी. जमिनीचे दावेसुद्धा आम्ही कोर्टात पुढच्या पिढीसाठी सांभाळतो.

आणि सांभाळलेल्या मालाचं काय होतं ते बघायचं तर मुंबईकडे बघावं. जुनी सेइको-५ घड्याळं इथले कारागीर उघडतात, पुसतात, चालू करतात आणि तबकडीला असा काही रंग देतात की जपानात त्या कंपनीनं तो कधी स्वप्नातही पाहिला नसेल. मोरपंखी, शेंदरी, बर्फीवरच्या वर्खासारखा चंदेरी. ही घड्याळं इंटरनेटवरून जगभर जातात, आणि परदेशी संग्राहक एकमेकांना बजावतात, सांभाळ रे, हे ‘मुंबई स्पेशल’ आहे. स्विसांनी शंभर वर्षं खपून नाव कमावलं, आपण एका डबाभर रंगात ते साधलं.

कॅसिओ गरिबाचं म्हणून त्याला डौल नाही, असं मात्र नव्हे. बिल गेट्स यांच्या मनगटावर कॅसिओचंच एक स्वस्तातलं घड्याळ दिसतं. त्यांनी घातलं की साधी राहणी, मी घातलं की ऐपत, हा फरक सोडला तर आम्ही एकाच पंथातले. नाट्यगृहात या पंथाची संख्या कळते. रात्री दहाच्या ठोक्याला, रंगमंचावर नायिका निर्वाणीचं वाक्य बोलायला श्वास घेते आणि तिसऱ्या रांगेत टीट्-टीट् होतं. दोन सेकंदांनी बाल्कनीत. मग माझ्या मनगटावर. सबमरीनरवाले असल्या वेळी आवाज करत नाहीत, हे मान्य. पण त्यांना दहा वाजल्याचं आमच्यामुळेच कळतं.

या जूनमध्ये साडूभाऊ युरोपच्या सहलीला निघाले. पॅरिस, बार्सिलोना, शेवटी स्वित्झर्लंड. सहल-कंपनीच्या मार्गदर्शकानं बैठकीत सांगितलं की महाग घड्याळ नेऊ नका, रस्त्यात मनगटावरून हिसकतात. त्यामुळे जिनिव्हाचं घड्याळ डोंबिवलीच्या बँकेत लॉकरमध्ये गेलं आणि जिनिव्हाला जायला साडूभाऊंना घड्याळ उरलं नाही. “तुमच्यासारखं एक घेऊन टाकतो,” ते मला म्हणाले, जणू रुमाल घ्यायचा आहे.

दादरला आम्ही बरोबरच गेलो. नऊ लाखांच्या वस्तूवर एक रुपया सूट न मागितलेल्या, उलट ती दिल्याबद्दल शोरूमवाल्याला पेढे नेऊन दिलेल्या या गृहस्थानं एफ-९१डब्ल्यूसाठी दुकानदाराला पाऊण तास घोळवलं. आधी म्हणाले की हे डुप्लिकेट कशावरून नाही. दुकानदारानं उजवं बटण तीन सेकंद दाबून धरलं, काचेवर कॅसिओ अशी इंग्रजी अक्षरं उमटली. “अस्सल ओळखायची खूण,” तो म्हणाला. तेराशेच्या घड्याळाचीही नक्कल निघते आणि ती ओळखायची खूणही निघते, हे ऐकून साडूभाऊ जरा चरकले. मग दुकानदारानंच विचारलं, “डुप्लिकेट दाखवू? साडेतीनशेला देतो.” साडूभाऊंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, मनगटावर लावून पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. अखेर अस्सलच घ्यायचं ठरलं. साडूभाऊ दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरले, दोनदा परत बोलावले गेले, आणि बाराशे वीसवर सौदा पटला. लोकलमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी सबमरीनरच्या वेळी पाहिलं नव्हतं.

रात्री त्यांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुम्हाला केवढ्याला पडलं होतं हो?”

“अकराशे,” मी म्हटलं.

मला तेराशे पन्नासला पडलं होतं. पण साडूला कोण सांगणार!